वाक्य कोणाचं?

मराठी माध्यमातून पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतो : "तुमचं काम चांगलं आहे, फक्त तेवढं इंग्रजी सुधारा." मलाही मिळाला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण 'सुधारा' म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगत नाही. मग ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ लावायचा. कुणी व्याकरणाचं पुस्तक काढून परफेक्ट टेन्स घोटतो, कुणी इंग्रजी पेपरातला अग्रलेख रोज मोठ्याने वाचतो, कुणी क्लास लावतो. यातलं काही वाया जात नाही. पण यातून शोधनिबंध लिहिता येत नाही, एवढं आता मी खात्रीने सांगते. कॉन्व्हेंटमधून आलेल्या माझ्या मैत्रिणी फाडफाड इंग्रजी बोलायच्या, आणि त्यांच्या पहिल्या मसुद्यावरही मार्गदर्शक सरांची लाल शाई माझ्याइतकीच सांडलेली असायची. फरक एवढाच, की त्यांना 'आर्ग्युमेंट सुधारा' असं सांगितलं जायचं आणि मला 'इंग्रजी सुधारा'.

माझी पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आम्ही शाळेबाहेर पडलो होतो. पण माझ्या मते आमचा खरा घोळ इंग्रजीच्या तासाला झालाच नाही, तो मराठीच्या तासाला झाला. लिहिणं म्हणजे काय, हे आम्ही तिथे शिकलो. नदीचे आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर. निबंधाची सुरुवात सुविचाराने करायची आणि शेवट सुभाषिताने. मधे कुठेतरी 'एका थोर विचारवंताने म्हटलेच आहे की' हे वाक्य टाकायचं. तो विचारवंत कोण, त्याने हे कुठे आणि कशाबद्दल म्हटलं, असं दहा वर्षांत एकाही गुरुजींनी विचारलं नाही. विचारलं असतं तर अख्खा वर्ग उभा राहिला असता. चांगलं वाक्य सगळ्यांचंच असतं, ते जिथे दिसेल तिथून उचलावं आणि वहीत उतरवून घ्यावं, अशी आमची समजूत. इंग्रजीच्या पेपरात तर गाइडमधला निबंध जसाच्या तसा आठवणं यालाच हुशारी म्हणत.

अशी शिदोरी घेऊन मी पुण्यात समाजशास्त्रात संशोधन करायला आले. विषय होता बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं. दिवाळी झाली की गाव रिकामं करून जाणाऱ्या टोळ्या, साखर कारखान्याच्या हद्दीतल्या कोप्या म्हणजे झोपड्या, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली आगाऊ उचल, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, आणि नवरा-बायको मिळून होणारा एक कोयता. विषय मला नवा नव्हता, माझ्या आजोळची अर्धी गल्ली तोडीला जायची. पहिलं प्रकरण मी चांगलं घसघशीत लिहून नेलं. सरांनी ते परत दिलं तेव्हा समासात व्याकरणाच्या दुरुस्त्या अगदी थोड्या होत्या. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच प्रश्न पेन्सिलीने लिहिलेला होता : हे कोण म्हणतंय?

मला आधी वाटलं, संदर्भ द्यायचे राहिलेत. म्हणून जिथे जिथे प्रश्न होता तिथे तिथे कंसात आडनाव आणि साल टाकून दिलं. प्रकरण पुन्हा परत आलं. एका वाक्याखाली दुहेरी रेघ होती. त्या वाक्याचा आशय असा : उचलीमुळे कामगार मुकादमाशी बांधला जातो आणि म्हणून दरवर्षी त्याला जावंच लागतं. सर म्हणाले, "यात तीन माणसं एकाच वेळी बोलतायत. 'बांधला जातो' हे वेठबिगारीवर लिहिणाऱ्या अभ्यासकांचं आहे. 'जावंच लागतं' हे तुझ्या गावच्या मावशींचं आहे. आणि 'म्हणून' कोणाचं आहे?" ते 'म्हणून' माझं होतं. संपूर्ण वाक्यात तेवढाच एक शब्द माझा होता, आणि त्याला पुरावा द्यायला हवा हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

अभ्यासकाच्या इंग्रजीचा सराव म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दिवसापासून हेच आहे. शब्दसंग्रह, व्याकरण, जोडशब्द हे सगळं लागतं. पण मुळात प्रत्येक वाक्य कोणाचं आहे हे वाचणाऱ्याला कळेल असं लिहायची सवय लागते. दुसऱ्याचं, माझं, दुसऱ्याचं पण मला न पटलेलं, माझं पण अजून कच्चं असलेलं. इतके बारीक भेद करायची गरज आमच्या शालेय निबंधाला कधी पडलीच नव्हती.

सवय लावायला सरांनी जे हाती दिलं त्याची मला अपेक्षा नव्हती. लेखनकौशल्यावरचं पाठ्यपुस्तक नव्हतं ते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध होता तो. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. बाबासाहेबांचा फोटो आमच्या वर्गात होता, जयंतीला भाषणंही केली होती. पण विद्यार्थी म्हणून त्यांनी लिहिलेलं पान समोर घेऊन बसायची वेळ पहिल्यांदा आली. सरांची अट अशी : निबंध वाचायचा नाही, हाताने उतरवून काढायचा, आणि उतरवताना तीन रंगांच्या पेन्सिली वापरायच्या. दुसऱ्याचं म्हणणं निळ्याने, आंबेडकरांचं स्वतःचं म्हणणं लाल, आणि दोन्हींच्या मधला सांधा हिरव्याने.

उतरवायला लागलं की जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही. निबंधात जातीच्या चार व्याख्या येतात : फ्रेंच अभ्यासक सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. तिथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चारही व्याख्या एकाखाली एक लिहून 'अशा प्रकारे विविध विद्वानांनी जातीची व्याख्या केली आहे' म्हणून पुढे सरकलो असतो. विद्यापीठांत जमा होणाऱ्या प्रबंधांतलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण आजही बहुतेक वेळा असंच असतं, विद्वानांची हजेरी घेतल्यासारखं. आंबेडकर प्रत्येकाशी वेगळं वागतात. सेनारने विटाळाच्या कल्पनेला जातीचं लक्षण मानलं. ते जातीपुरतं नाही, पुरोहितांच्या कर्मकांडातून आलेलं आहे, असं म्हणून ते बाजूला ठेवतात. नेसफील्ड रोटीबंदीवर भर देतो. त्याने परिणामालाच कारण मानलं, असं दाखवतात. रिस्लेने लक्षात घेण्याजोगा नवा मुद्दाच मांडलेला नाही, एवढं सांगून त्याला तिथेच सोडतात. वासाहतिक मानववंशशास्त्रातलं एवढं बडं प्रस्थ, सरकारी अधिकारी, आणि त्याची बोळवण एका वाक्यात!

केतकरांपाशी मात्र ते थांबतात. केतकरांनी कॉर्नेलला असताना जातीवर प्रबंध लिहिला होता, म्हणजे तेही परक्या देशात, परक्या भाषेत हाच विषय मांडून गेलेले. आंबेडकर आधी त्यांच्या चिकित्सक दृष्टीचं मोकळेपणाने कौतुक करतात आणि मग नेमकं बोट ठेवतात. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात, आपापसांतच लग्न आणि जन्मावरून सदस्यत्व. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नाला बंदी केली की सदस्यत्व आपोआप जन्मापुरतं उरतं. इथून पुढे लाल पेन्सिल सुरू होते ती थेट अंतर्विवाहाच्या सिद्धान्तापर्यंत, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांच्या उलगड्यापर्यंत जाते. माझ्या वहीत ती पानं अजून आहेत. निळं आणि लाल कुठेही एकमेकांत मिसळत नाही. हिरवा रंग कमी आहे, पण निबंध चालतो तो हिरव्यावरच.

आणि शेवटाकडे, एवढी मांडणी झाल्यावर, आपण म्हटलं ते अंतिम आहे असं समजण्याइतका मी धीट नाही, या चर्चेत ही एक भर आहे, अशा अर्थाचं ते लिहितात. आमच्याकडे याला पडतं घेणं म्हणतील. पण आधीची पानं वाचलेल्याला कळतं, की इथे काहीच पडतं घेतलेलं नाही. फक्त दार उघडं ठेवलेलं आहे.

पुढे बऱ्याच दिवसांनी मला जॉन स्वेल्सचं काम भेटलं. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात आणि नंतर मिशिगनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन शिकवणारा हा माणूस. शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्याने दाखवलं, की त्या बहुतेक तीन चालींनी पुढे जातात : आधी विषयाचा प्रांत आखायचा, मग त्यात मोकळी राहिलेली जागा दाखवायची, मग ती जागा आपण घ्यायची. १९९० साली त्याने हे सविस्तर मांडलं आणि आज जगभरच्या लेखनवर्गांत ते शिकवलं जातं. मला ते वाचताना ओळखीचं वाटत राहिलं, कारण चार विद्वान, 'चौघांनीही मूळ मुद्दा हुकवला' आणि 'तो मुद्दा हा' या तिन्ही चाली मी रंगीत पेन्सिलींनी आधीच उतरवल्या होत्या.

इथे एक आडवळण घेते. १९६६ मध्ये रॉबर्ट काप्लान या अमेरिकन भाषातज्ज्ञाने एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात वेगवेगळ्या संस्कृतींतले लोक परिच्छेद कसा बांधतात याच्या आकृत्या होत्या. इंग्रजीची सरळ रेघ, पौर्वात्यांचं आत आत वळत जाणारं वर्तुळ. या आकृत्यांवर पुढे भरपूर टीका झाली, काप्लाननेही आपला सूर बराच सौम्य केला. पण आपल्याकडच्या कार्यशाळांमधून 'आपण भारतीय गोल गोल लिहितो' हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि माझ्या अंगावर काटा येतो. एक तर काप्लानच्या त्या 'पौर्वात्य' गटात आपण नव्हतोच; त्याचा रोख मुख्यतः चिनी आणि कोरियन लेखनावर होता. दुसरं म्हणजे, ज्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मग त्याचं खंडन करून उत्तरपक्षाकडे यायचं, ती परंपरा गोल गोल कशी? शास्त्रचर्चेची ही शिस्त संस्कृतात होती. ती किती जणांना शिकू दिली हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर लाजिरवाणं आहे. पण वळणं आपल्या रक्तात नाहीत, आपल्या शाळेच्या वहीत आहेत.

शब्दसंग्रहाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर फार बोललं जातं. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर चाळून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली : ॲनालाइज, ॲझ्यूम, कन्सेप्ट, एस्टॅब्लिश असे, कुठल्याही विद्याशाखेत भेटणारे. नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द सोडून हे शिकले, तर अभ्यासू मजकुरातला साधारण दहावा हिस्सा हाती येतो. यादी फुकट मिळते, जरूर शिकावी. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी जमवलेला वाक्प्रयोगांचा संग्रहही असाच फुकट आहे. टीका कशी करावी, मर्यादा कशा सांगाव्यात, यासाठीचे तयार साचे त्यात मिळतात. मी दोन्ही वापरले. साचा मात्र शेवटी रिकामाच असतो, आत काय घालायचं ते आपल्यापाशी असावं लागतं.

आणि आयईएलटीएस. शिकायला परदेशी जायचं तर ती किंवा तिच्यासारखी इंग्रजीची परीक्षा बहुतेक वेळा द्यावी लागते, पण तिची तयारी म्हणजे शोधलेखनाचा सराव नव्हे. चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्दांत मत मांडायचं, एकाही पुस्तकाचा आधार न घेता. तिथे सगळीच वाक्यं आपली. विद्यापीठात गेल्यावर नेमकं उलटं होतं.

सरावात मला सगळ्यात जास्त फळ देऊन गेलेली गोष्ट मराठीतून करायची होती, हे सांगितलं तर आजही काही सहकारी हसतात. एखाद्या लेखातलं एक पान वाचायचं. लेख मिटवायचा. त्या पानात काय म्हटलंय ते मराठीत लिहायचं, अगदी बोलीत, आजीला सांगावं तसं. मग थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि ते मराठी समोर ठेवून इंग्रजीत लिहायचं. शेवटी मूळ पान उघडून ताडून बघायचं. जे समजलेलं नसतं ते मराठीत उतरतच नाही, लगेच उघडं पडतं. आणि जे समजलेलं असतं ते इंग्रजीत परत येताना मूळ लेखकाची वाक्यरचना वाटेतच गळून गेलेली असते, कारण मराठीत क्रियापद शेवटी जातं आणि वाक्य नव्याने बांधावंच लागतं. इंग्रजी वाचून थेट इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हाताला मूळ लेखकाचे शब्द चिकटून येतात. दोन भाषा असलेल्याला ते झटकायची सोय आयती मिळालेली आहे. या बाबतीत आमच्या कॉन्व्हेंटवाल्या मैत्रिणी तोट्यात होत्या, आणि हे त्यांना सांगताना मला थोडा आनंद व्हायचा, तो मी लपवत नाही.

चिकटून आलेल्या शब्दांना अमेरिकेतल्या रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात नाव दिलं, पॅचरायटिंग. मूळ वाक्य घ्यायचं, दोन शब्द काढायचे, दोन बदलायचे, एखादं क्रियापद फिरवायचं. ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा परिच्छेद तयार. त्यांचं म्हणणं असं, की ही दरवेळी चोरी नसते. नव्या विषयात शिरू पाहणारा माणूस त्या विषयाची भाषा तोंडात बसवत असतो, तेव्हाची ही एक पायरी असते. लहान मूल मोठ्यांची अख्खी वाक्यं बोलतं तेव्हा त्याला आपण वाङ्मयचौर्य म्हणत नाही. पण आपल्याकडच्या व्यवस्थेला पायरी दिसत नाही, टक्के दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. नियम हवाच होता, उघड्या डोळ्यांनी ढापलेले प्रबंध मीही पाहिलेत. पण त्यामुळे विद्यार्थ्याचा प्रश्न बदलला. 'हे कोण म्हणतंय' हे मागे पडलं, 'किती टक्के आलं' एवढंच उरलं.

मग टक्के 'आणून देणारे' निघाले. विद्यापीठाच्या आसपास झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानांत 'प्लॅग', म्हणजे प्लेजिअरिझम, काढून मिळेल अशा पाट्या दिसतात. ते काय करतात? शब्दाला शब्द बदलतात. गियोम काबानाक, सिरील लाब्बे या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे छळ झालेले शब्दप्रयोग ('टॉर्चर्ड फ्रेझेस') वेचून काढले, तेव्हा 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल' छापलेलं सापडलं होतं. हसू येतं, पण जरा विचार केला तर हा त्या टक्केवारीचाच अर्क आहे. साम्य शून्य, अर्थही शून्य, आणि वाक्य कोणाचंच नाही.

याचंच सफाईदार रूप आता चॅटजीपीटीने आणलंय. विद्यार्थी परिच्छेद घेऊन येतात, एकही चूक नसते. मी विचारते, "यातलं 'देअरफोर' कोणी लिहिलं?" आणि शांतता पसरते. व्याकरण तपासून घ्यायला माझी ना नाही. आमच्या वेळी पैसेवाल्यांच्या मुलांनाच भाषासंपादक परवडायचा, आता सगळ्यांना परवडतो, हे चांगलंच झालं. 'देअरफोर' मात्र स्वतःच लिहावं.

माझ्या विषयाने मला आणखी एका ठिकाणी धरलं, ते म्हणजे कर्मणी प्रयोग. शास्त्रीय इंग्रजीत 'मी' नको, पॅसिव्ह वापरा, असं कुठेतरी सगळ्यांच्या कानावर पडलेलं असतं. त्यामुळे मी ऐटीत लिहिलं होतं, की उचल दिली जाते, खाडे कापले जातात, कोयत्याचा हिशेब हंगामाच्या शेवटी केला जातो. वाचायला किती तटस्थ! पण देतो कोण, कापतो कोण, वही कोणाच्या घरी असते? कारखान्याच्या बाजूने आलेला पैसा मुकादमाच्या हातून कुटुंबापर्यंत येतो, हिशेबाची वही मुकादमाकडे असते, आणि माझ्या सगळ्या प्रकरणात मुकादम कर्ता म्हणून एकदाही आला नव्हता. इंग्रजीच्या तथाकथित वस्तुनिष्ठतेने त्याला अलगद वाक्याबाहेर काढलं होतं. प्रयोगशाळेतल्या द्रावणाबद्दल 'तापवलं गेलं' म्हणायला हरकत नाही, कोणी तापवलं याने फरक पडत नाही. उचल कोणी दिली याने पडतो. मी ती वाक्यं एकेक करून कर्तरीत आणली. तेव्हा कळलं, की काही ठिकाणी कर्ता मलाच माहीत नव्हता. त्यासाठी पुन्हा बीडची गाडी पकडावी लागली.

दाव्याचं वजन किती ठेवायचं, हेही असंच. 'मे', 'सजेस्ट', 'अपिअर टू' हे शब्द मला आधी भित्रे वाटायचे. पुराव्याने सिद्ध होतं म्हणायचं सोडून 'सूचित होताना दिसतं' काय? मग २०१९ साल आलं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर झळकल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जो तो मला कारण विचारू लागला. मुकादम सक्ती करतात म्हणून? पाळीत खाडा पडतो म्हणून? खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घालतात म्हणून? मी ज्यांच्याशी बोलले होते त्या बायकांनी यांतलं काही ना काही सांगितलं होतं, कुणी तिन्ही सांगितली होती, कुणी नुसतंच म्हटलं होतं की दुखत होतं, अंगावरून जात होतं, आणि डॉक्टर म्हणाला काढून टाक. यातल्या एकाच कारणापुढे 'प्रूव्ह' लिहिलं असतं तर बाकीच्या बायका खोट्या पडल्या असत्या. 'सजेस्ट' लिहिलं, तेव्हा त्या सगळ्या वाक्यात मावल्या. सावध क्रियापद म्हणजे नेभळटपणा नव्हे, हे मी लेखनाच्या कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही.

आता मी शिकवते, आणि शनिवारी संध्याकाळी काही संशोधक विद्यार्थी आपापली पानं घेऊन माझ्याकडे बसतात. बहुतेक मराठी माध्यमाचे. आम्ही पेन्सिलींचा तोच उद्योग करतो. मागच्या हंगामात त्यातल्या एकीने, तीही ऊसतोडीवरच काम करते, रंगांच्या पुढची गोष्ट काढली. तिने आपल्या मसुद्यातली फक्त क्रियापदं वेगळी लिहून काढली, कर्त्यासकट. प्राध्यापक मंडळी 'आर्ग्यू' करत होती. सरकारी अहवाल 'रिपोर्ट' आणि 'नोट' करत होते. मुकादम 'स्टेट' करत होते. आणि कामगार बायका? त्या 'फील', 'कम्प्लेन', 'बिलीव्ह' आणि 'क्लेम' करत होत्या. "मॅडम," ती म्हणाली, "सगळ्यांत बारीक हिशेब तर ह्याच सांगतात, आणि मी त्यांना नुसतं वाटायला लावलंय." तेवढ्यावर थांबली नाही; आम्ही अभ्यासाला घेतलेल्या नावाजलेल्या लेखांतलीही क्रियापदं तिने काढून आणली. तिथेही कमी-जास्त तेच होतं. माझ्या स्वतःच्या जुन्या लेखाचं पान तिने दाखवलं नाही, पण ते तिच्या फाइलीत होतं.

तिने मसुदा बदलला. उचलीचा हिशेब सांगणारी मावशी आता 'कॅल्क्युलेट' करते, मुकादम का बदलला हे सांगणारी 'एक्सप्लेन' करते. लेख एका नियतकालिकाकडे गेला आणि एका समीक्षकाने नेमकी यावरच हरकत घेतली : मुलाखती देणाऱ्यांसाठी ही क्रियापदं फार ठाम आहेत, 'पर्सीव्ह' वापरावं. समीक्षकाला उत्तर देणं हा शोधलेखनाचा वेगळाच प्रकार, तो तर कुणीच शिकवत नाही. आमच्याकडे वरिष्ठांनी खोडलं की खोडायचं, अशी रीत. तिने विचारलं, "बदलू का?" मी म्हटलं, "कुठल्या वाक्यामागे काय आहे ते तुला माहीत, मला नाही."

तिने उत्तराचं पत्र लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. हरकतीबद्दल आभार मानले. उचलीचा जो हिशेब मावशींनी तोंडी सांगितला होता तो तिने मुकादमाच्या वहीशी ताडून पाहिला होता, आणि तो जुळला होता. म्हणून तिथे 'कॅल्क्युलेट' राहील, असं कळवलं. जिथे ताडून पाहायला वही मिळाली नव्हती त्या ठिकाणी तिने 'सेज', म्हणजे नुसतं 'म्हणते', केलं, आणि त्याच न्यायाने मुकादमांचं 'स्टेट'ही काढून तिथे 'सेज' घातलं, जे समीक्षकाने मागितलंच नव्हतं.